पत्र्याच्या खोलीतली तेरा लग्नं

डेसमंडने हात वर केला तेव्हाच थेल्माने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

पन्नास वर्षांच्या संसारात तो हात किती वेळा वर गेला आणि त्यानंतर काय काय निस्तरावं लागलं, ते तिला पाठ होतं. दातांच्या डॉक्टरकडे तोंडात चिमटा असतानासुद्धा तो वर गेला होता. मुलीच्या, जिलियनच्या, जन्माच्या वेळी सुईणीने त्याला खोलीबाहेर काढलं, तर गड्याने दाराबाहेरून सूचना दिल्या होत्या. आत्ता तो हात मार्टलफ्लीट गावाच्या सभागृहात, चहाच्या पिंपाशेजारी ताठ उभा होता आणि समोर टेबलामागे बसलेला वकील हॅलम नाक पुसत होता.

"बोला, मिस्टर...?"

"ओडलिंग. डेसमंड ओडलिंग. तीस वर्षं फिरतं वाचनालय चालवलंय मी." एवढं सांगितलं की पुढचं सगळं लोकांना खरं मानावंच लागतं, अशी त्याची समजूत होती. "तुम्ही आज जे सांगताय ना, ते मला तेव्हाच माहीत होतं. पत्र्याच्या खोलीला परवानगी नाही, हे मी लग्नाच्या आधीच ओळखलं होतं."

सभागृहात खसखस पिकली. मागच्या रांगेतून कीथ ब्लेड्स म्हणाला, "ह्याला तर टायटॅनिक बुडणार हे पण आधीच माहीत होतं."

थेल्मा हसली नाही. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

भानगड अशी होती. एकोणीसशे त्र्याहत्तर साली चोरांनी मार्टलफ्लीटच्या चर्चच्या छपरावरचं शिसं उतरवून नेलं. भरदुपारी, सगळ्या गावादेखत. गावाला वाटलं दुरुस्तीवाले आलेत, म्हणून गावाने त्यांना चहा पाजला, मनुका घातलेला पाव दिला, आणि डेसमंडने शिडी कुठल्या कोनात लावावी ते स्वतः लावून दाखवलं. संध्याकाळी पाऊस आला आणि पाद्री विंटरटन पहिल्या बाकावर भिजला, तेव्हा उलगडा झाला. मग सव्वा वर्ष प्रार्थना, बारशी, लग्नं सगळं वीटभट्टीजवळच्या पत्र्याच्या खोलीत झालं. चर्च बंद असेल तर दुसरीकडे लग्न लावता येतं, पण त्याला बिशपची लेखी परवानगी लागते. आता पन्नास वर्षांनी ती खोली कुणाला तरी सुट्टीतलं घर करायला विकायची ठरली. हॅलमने जुने कागद चाळले, तर त्यात उंदरांच्या लेंड्या सापडल्या, जुनी प्रार्थनापुस्तकं सापडली, परवानगी तेवढी सापडली नाही. खोलीत तेरा लग्नं लागली होती. त्यातली सात जोडपी अजून हयात होती आणि आज चहाला बोलावलेली होती.

"घाबरायचं कारण नाही," हॅलम सुरुवातीलाच म्हणाला होता. "आपला कायदा लग्नाच्या बाबतीत फार दयाळू आहे. जागेला परवानगी नव्हती म्हणून लग्न बाद होत नाही. बाद केव्हा होतं? तर नवरा आणि नवरी, दोघांनाही आधीपासून ठाऊक होतं आणि तरी ते जाणूनबुजून तिथे उभे राहिले, तर. दोघांपैकी एकाला जरी माहीत नसलं, तरी लग्न पक्कं."

"म्हणजे लग्न टिकायला घरात एक तरी मूर्ख लागतो," कीथची बायको पोलीन म्हणाली.

"कायदा त्याला अजाण म्हणतो."

"काहीही म्हणू द्या. आमच्याकडे आहे तो."

कीथने आशेने विचारलं होतं, "आणि समजा मला माहीत होतं असं म्हटलं, तर मी सुटतो का?"

"तुला? तुला त्या दिवशी आपलं लग्न आहे हे तरी माहीत होतं का? तुझ्या भावाने तुला तळ्यावरून गळासकट उचलून आणलं."

सगळ्यांनी पुढच्या बुधवारी येऊन एका कागदावर सही करायची, की मला तेव्हा माहीत नव्हतं. संपलं. सात जोडपी, चौदा सह्या. गावातल्या लोकांना काही माहीत नसण्याबद्दल इतका मान आजवर कधी मिळाला नव्हता, त्यामुळे सगळे खुशीत होते. आणि अशा वेळी डेसमंडचा हात वर गेला.

"काही बिघडत नाही, मिस्टर ओडलिंग," हॅलम म्हणाला. "तुम्हाला माहीत असेना का. मिसेस ओडलिंगना माहीत नव्हतं, तेवढं पुरे. हो ना, मिसेस ओडलिंग?"

सगळं सभागृह थेल्माकडे वळलं.

थेल्माने आयुष्यात कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. शाळेत मुलीला ताप नसताना ताप आहे अशी चिठ्ठीसुद्धा कधी दिली नव्हती. ती उठली, कोटाची बटणं लावली, म्हणाली, "ओव्हन चालू राहिलाय," आणि निघून गेली.

ओव्हन बंद होता.

थेल्माला माहीत होतं. डेसमंडला जसं सगळं माहीत असतं तसं नव्हे, खरोखरचं. चौऱ्याहत्तर साली ती एकवीस वर्षांची होती आणि दर शनिवारी पाद्री विंटरटनची पत्रं टाइप करायला जायची. बिशपला पाठवायचा अर्ज तिनेच टाइप केला होता. पुढे तीन आठवड्यांवर स्वतःचं लग्न आलेलं असताना गोंदाची बाटली शोधायला तिने खालचा ड्रॉवर उघडला, तर अर्ज तिथेच.

"हा गेलाच नाही वाटतं?" तिने विचारलं होतं.

"अरेच्चा," विंटरटन म्हणाला. "आता पाठवला तर वसंतापर्यंत उत्तर यायचं नाही. नंतर पाठवू. बिशप आणि मी एका शाळेत होतो. आणि देव काही टपाल तपासत बसत नाही, पोरी."

वसंतापर्यंत. थेल्माने विचार केला होता. डेसमंड तेव्हा वाचनालयाच्या गाडीवर नुकताच लागला होता आणि दर महिन्याला त्याला नवं वेड लागत होतं. जुलैत मधमाश्या, ऑगस्टात दुर्बिणी. सप्टेंबरात त्याने तिला मागणी घातली. वसंतापर्यंत थांबलं असतं, तर हा माणूस कुठल्या पानावर असता कुणास ठाऊक. तिने ड्रॉवर बंद केला. बारा ऑक्टोबरला, शनिवारी, पत्र्यावर गारा वाजत असताना तिने "हो" म्हटलं. डेसमंडने ते नीट ऐकू आलं नाही म्हणून परत म्हणायला लावलं.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. विंटरटन गेला, बिशप गेला. हळूहळू ती गोष्ट जुन्या फ्रॅक्चरसारखी झाली, थंडीत तेवढी जाणवायची. आता येत्या बारा तारखेला लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, केक सांगून झाला होता, आणि नवऱ्याने चारचौघांत हात वर करून स्वतःचं लग्न बाद ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पाद्रीबाईंना गाठायला गेली. जोसलिनबाईंकडे सात गावांची सात चर्चं होती, त्यामुळे त्या गाडीतच सापडायच्या. आत्ताही एक अंत्यविधी आणि एक बारसं यांच्यामध्ये त्या स्टिअरिंगमागे बसून सँडविच खात होत्या. थेल्मा शेजारी बसली आणि सगळं सांगून टाकलं.

जोसलिनबाईंचा घास तोंडातच राहिला. "अगं बाई. हे मी ऐकलंच नाही असं धरू का?"

"ऐकलंत की."

"अहो, साधी गोष्ट आहे. नोंदणी कचेरीत जायचं, पंधरा मिनिटांत परत लग्न करायचं."

"आणि मागची पन्नास वर्षं काय होती मग? डेसमंडकडे राहायला आले होते का मी?"

जोसलिनबाईंनी कोटावरचा अंड्याचा चुरा झटकला. "मग एकच मार्ग आहे. डेसमंडला सांगायचं की तुला काही माहीत नव्हतं हे कबूल कर. माहीत नसणारच म्हणा. त्याच्या एवढ्या बढाया ऐकल्यात मी. मला हिब्रू शिकवत होता परवा."

"तुम्ही ओळखता ना त्याला?" थेल्मा म्हणाली. "एकदा पुराच्या पाण्यात त्याने वाचनालयाची गाडी घातली. म्हणाला, इथे गुडघाभरच असतं. पाणी खिडकीपर्यंत आलं. अकराशे पुस्तकं पावासारखी फुगली. आठवडाभर चर्चच्या भिंतीवर वाळत घातली होती. आजतागायत तो म्हणतो की नकाशा चुकीचा होता. 'मला माहीत नव्हतं' हे तीन शब्द त्याच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत. त्याच्या आईनेही ऐकले नव्हते, मी विचारलंय."

"प्रार्थना करते मी," जोसलिनबाई म्हणाल्या आणि गाडी चालू केली. "तुमच्या डेसमंडसाठी जरा जास्तच करावी लागेल."

संध्याकाळी लीड्सहून जिलियनचा फोन आला. पोलीनच्या मुलीकडून तिला बातमी कळली होती. "आई, म्हणजे मी अनौरस आहे का?"

"अजून ठरायचंय. बुधवारी कळेल."

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, आई."

"मग एवढी थांबलीस तशी बुधवारपर्यंत थांब."

फोन ठेवून थेल्मा स्वयंपाकघरात आली. डेसमंड टेबलाशी बसून सॉसेज कापत होता आणि ती भाजण्याची खरी पद्धत काय ते समजावत होता. ती समोर बसली.

"डेसमंड, खरंच तुला माहीत होतं?"

"कशाबद्दल?"

"परवानगी."

"अर्थात. साधी गोष्ट आहे. नवी जागा म्हटली की परवानगी आली, परवानगी म्हटली की बिशप आला, आणि विंटरटन म्हटला की काम राहिलंच. एक अधिक एक."

"म्हणजे अंदाज."

"अंदाज वेगळा, थेल्मा. तर्क वेगळा."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "अर्ज मीच टाइप केला होता. तो गेला नाही, हे मी आपल्या लग्नाच्या तीन आठवडे आधी बघितलं. आणि गप्प बसले."

सॉसेज काट्यावरच राहिलं. डेसमंडने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. घड्याळ वाजत होतं, शेजारच्यांचा कुत्रा भुंकत होता, आणि डेसमंड ओडलिंगकडे त्यावर सांगण्यासारखं काहीही नव्हतं. थेल्माला हे इतकं नवीन होतं की तिला त्याच्या तब्येतीची काळजी वाटली.

"गप्प का बसलीस?"

"वसंतापर्यंत थांबायचं नव्हतं मला."

"हं." त्याने काटा खाली ठेवला. "म्हणजे मला माहीत असेल, तर दोघांनाही माहीत होतं."

"हो."

"म्हणजे आपलं..."

"हो."

"मग बुधवारी मी काय सांगायचं?"

"खरं असेल ते सांग. मी तरी दुसरं काय सांगणार? मी तर खरं तेच लिहिणार आहे."

"खरं," डेसमंड म्हणाला. एखाद्या शब्दाचा अर्थ आपण आजवर नीट बघितलाच नाही, असा काहीसा त्याचा चेहरा झाला. मग तो उठला आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेला.

तो पुढचे चार दिवस बहुतेक शेडमध्येच होता. कधी ठोकल्याचा आवाज यायचा, कधी नुसती शांतता. थेल्मा चहा नेऊन दारात ठेवायची. म्हणजे एवढं अवघड जातंय, ती मनात म्हणायची. तीन शब्द. बायका पोरं काढतात त्याला इतका वेळ लागत नाही. तरी तिला त्याचा राग आला नाही. माणसाने आयुष्यभर एकच कोट घातला असेल, तर तो काढताना अंगाला गार लागणारच.

बुधवारी सभागृह गच्च भरलं. सह्या चौदाच करायच्या होत्या, पण माणसं साठ आली होती. डेसमंड ओडलिंग काय सांगणार, यावर दारूच्या गुत्त्यात पैजा लागल्याचं पोलीनने थेल्माच्या कानात सांगितलं. "मी तुझ्या बाजूने लावलीय," ती म्हणाली. "पण थोडीशीच."

एकेक जोडपं पुढे गेलं. कीथने सही करता करता हॅलमला विचारलं, "म्हणजे आता खरंच काही इलाज नाही?" आणि पोलीनने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

मग थेल्मा. तिने कागद वाचला. "मला तेव्हा माहीत नव्हतं," असं छापलेलं होतं. तिने त्यातल्या "नव्हतं"वर रेघ मारली, वर स्वच्छ अक्षरात "होतं" लिहिलं आणि सही केली.

हॅलमने कागद उचलला, वाचला, नाक पुसायचं विसरला. "मिसेस ओडलिंग, हे... याची गरज नव्हती."

"खरं आहे ते."

पहिल्या बाकावर जोसलिनबाईंनी डोळे मिटले. हॅलम हळूच म्हणाला, "म्हणजे आता सगळं तुमच्या नवऱ्यावर आलं, हे कळतंय ना तुम्हाला?"

"चांगलं कळतंय."

डेसमंड पुढे आला. त्याने टाय घातला होता. कानामागे शेडमधला रंग लागला होता. तो खुर्चीत बसला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. सभागृहात चहाचं पिंप तेवढं सुरसुरत होतं. कुणीतरी उठून तेही बंद केलं.

"मिस्टर ओडलिंग," हॅलम म्हणाला, "गेल्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की..."

"म्हणालो. मी पुष्कळ म्हणतो."

"मग तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?"

डेसमंडने थेल्माकडे बघितलं. ती बाजूला उभी होती, पर्स धरून, पाठ सरळ. त्याचा उजवा हात किंचित उचलला गेला. साठ माणसांनी श्वास रोखला. त्या हाताने टेबलावरचं पेन घेतलं.

"नव्हतं," तो म्हणाला.

"मागे ऐकू नाही आलं," कीथ ओरडला.

डेसमंड खुर्चीतच वळला. चेहरा बीटासारखा लाल झाला होता, पण आवाज स्थिर होता. "मला माहीत नव्हतं. परवानगीचं मला काही माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात मी उगाच फुशारकी मारली."

सभागृहात कुणी हसलं नाही. हसायचं ठरवून आलेले लोक होते, पण समोर एक म्हातारा माणूस टाय घालून बसला होता आणि ते एकदम जमेना. मग पोलीनने टाळी वाजवली, कुणीतरी पिंप परत चालू केलं, आणि हॅलम म्हणाला की कायद्याच्या दृष्टीने मिस्टर आणि मिसेस ओडलिंग नवराबायको आहेत आणि पहिल्यापासूनच होते. डेसमंडने सही करण्याआधी कागदावरचा एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

ती दोघं कालव्याच्या बांधावरून चालत घरी निघाली. दोन्हीकडे सपाट काळी शेतं, त्यावर आभाळ. थेल्माने जिलियनला फोन करून सांगितलं की तू औरस आहेस, आणि शनिवारी येताना मोठा डबा आण, केक उरेल. मग तिने फोन पर्समध्ये टाकला.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

"काय?"

"ते म्हणायला."

"ठीक. लोकांना वाटतं तितकं काही अवघड नसतं." तो थोडा चालला. आता त्याची चाल सुटली होती, हातातली काठी पुढे-मागे होत होती. "विंटरटनला तरी काय बोलायचं म्हणा. बिशपच्या नावावरच कपाचा एवढा मोठा गोल डाग. असा अर्ज पाठवणार कसा? नवा टाइप करायला हवा होता, ते राहून गेलं."

थेल्मा चालत राहिली. चार पावलं, पाच पावलं.

डाग खरा होता, पण त्याबद्दल ती कुणाशीच बोलली नव्हती. पाद्रीबाईंशी नाही, परवा स्वयंपाकघरातही नाही. तिला आठवलं, शनिवारी तिचं काम संपेपर्यंत डेसमंड विंटरटनच्या कचेरीत येऊन बसायचा, आणि छापील कागद दिसला की तो वाचल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. टेबलावरचे कागद संपले की ड्रॉवर उघडायचा.

त्याला खरोखरच माहीत होतं. तोही ड्रॉवर बंद करून, गप्प राहून, गारांतून पत्र्याच्या खोलीत येऊन उभा राहिला होता. आणि ज्या माणसाने माहीत नसलेल्या हजार गोष्टी आयुष्यभर माहीत आहेत म्हणून सांगितल्या, त्याने खरी माहीत असलेली एक गोष्ट आज साठ माणसांसमोर नाकारली होती. चार दिवस शेडमध्ये तो काय ठोकत बसला होता, हे तिला आता कळलं.

डेसमंड बोलायचा थांबला होता. काठीही थांबली होती. तो समोर बघत होता, मान न वळवता, कान मात्र तिच्याकडे लावून.

तिने एक प्रश्न विचारला असता, तर बुधवारची सगळी मेहनत कालव्यात गेली असती.

नांगरलेल्या शेतातून पाखरांचा एक थवा उठला, काळा पांढरा होत वळला आणि परत खाली बसला. टिटव्या होत्या. थेल्माच्या वडिलांच्या शेतात त्या दर वसंतात अंडी घालायच्या, आणि ती चार वर्षांची असल्यापासून त्यांना आवाजावरून ओळखत होती.

"ते पक्षी कुठले रे?" तिने विचारलं.

डेसमंडने सुटकेचा श्वास टाकला. "ते? ते सैबेरियातले. चिखल्ये जातीचे. इथे फक्त तीन आठवडे थांबतात, मग आफ्रिकेत. आता बघ, यांची गंमत अशी असते..."

"हो का," थेल्मा म्हणाली. तिने त्याच्या कोपरात हात अडकवला आणि पावलं जरा सावकाश टाकायला लागली, म्हणजे घर यायच्या आत त्याचं सगळं सांगून होईल.